खाऱ्या टाकीतल्या माशावरचे ठिपके: परत परत का येतात आणि काय करायचं

“ताई, ठिपके गेले की!” हा फोन साधारण पाचव्या दिवशी येतो. दोन-तीन आठवडे उलटले की त्याच नंबरवरून दुसरा फोन येतो, आणि या वेळी समोरचा माणूस हळू आवाजात बोलत असतो. सांगली, मिरज, विश्रामबाग एवढ्या टापूत खाऱ्या पाण्याच्या टाक्या काही फार नाहीत. एखाद्या डॉक्टरांची वेटिंग रूम, एखादी सराफी पेढी, नवीन बंगल्याचा हॉल. ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच मी सांभाळते. पंप बंद पडतात, लाइटी जातात, पण मला सगळ्यात जास्त वेळा गाडी काढायला लावते ती ही तक्रार.

पाचव्या दिवशी ठिपके का जातात ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय जीव. तो माशाच्या कातडीखाली शिरतो आणि तीन ते सात दिवस तिथेच खातो. आपल्याला ठिपका दिसतो तो हाच, पोट भरलेला. मग तो मासा सोडतो, बहुतेक वेळा रात्री अंधारात, खाली वाळूवर किंवा दगडावर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. आत एकाचे कित्येक होतात. कवच कधी तीन दिवसांत फुटतं, कधी महिना घेतं; थंड पाण्यात तर दोन महिन्यांच्याही वर गेल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. पण टाकीत मासा असतोच. तो रोज रात्री त्याच कोपऱ्यात वाळूला टेकून झोपतो, म्हणजे ताट वाढूनच ठेवलेलं.

त्यामुळे ठिपके गेले म्हणजे ते माशावरून वाळूत उतरले, एवढंच. मधल्या दिवसांत जे औषध टाकलं असेल त्याला फुकटचं श्रेय मिळतं. लसूण, व्हिटॅमिन, निळं औषध, सगळ्यांची कीर्ती अशीच झाली आहे.

लक्षणं

ठिपका म्हटला की सगळे एकच रोग धरतात. निदान पाच-सहा गोष्टी ठिपक्यांसारख्या दिसतात आणि त्यांचे उपाय एकमेकांना चालत नाहीत.

रव्याच्या दाण्यासारखे पांढरे, सुटे, मोजता येतील असे, आधी परांवर आणि मग अंगावर: क्रिप्टोकॅरिऑन. मासा दगडाला अंग घासतो, मान झटकतो, पण सुरुवातीला खातो. ब्लू टँग, म्हणजे आपल्याकडची ‘डोरी’, आणि तिची सगळी भावकी याला सगळ्यात आधी बळी पडते.

पिठाची गिरणी चालवणाऱ्याच्या हातावर बसते तशी बारीक, करडी-सोनेरी पिठी: वेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम. हे दाणे मोजता येत नाहीत. श्वास जोरात, उजेड नको, वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, धारेत तोंड करून उभा, खाणं बंद. हा रव्यासारखा वेळ देत नाही, दोन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. कधी कधी पिठी दिसतही नाही, कारण सगळा मुक्काम कल्ल्यांत असतो.

क्लाउनफिशच्या, म्हणजे ‘निमो’च्या, तोंडापासून सुरू होणारे चिकट पांढरे पापुद्रे, दुधाच्या सायीसारखे: ब्रुकलिनेला. नवीन आणलेल्या, समुद्रातून पकडलेल्या निमोंत जास्त. हाही दिवसांच्या हिशोबात मारतो.

पराच्या टोकाला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ, आठवडेच्या आठवडे जागेवर: लिम्फोसिस्टिस. हा विषाणू. औषध नाही आणि बहुधा लागतही नाही; पाणी आणि खाणं चांगलं ठेवलं की बरेचदा आपोआप ओसरतं.

टँगच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके: एक बारीक चपटा कृमी. निमोवर मात्र काळे डाग आले आणि टाकीत कोरल किंवा अ‍ॅनिमोन असेल, तर अनेकदा तो डंखाचा डाग असतो. तो जातो. काही करायचं नाही.

डोळा धुरकट, अंगावर काही नीट दिसत नाही, पण खाजवणं चालू: फ्लूक, म्हणजे पारदर्शक चपटे कृमी.

१. टॉर्च, फोन आणि वही

खर्च काही नाही, म्हणून कुणी करत नाही. खोलीचा लाइट बंद करा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने किंवा वरून तिरका मारा. पिठी अशीच चमकते. समोरून मारलेल्या उजेडात मीही दोनदा फसले आहे. सकाळी लाइट लागायच्या आधी माशाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तीन दिवस सलग, त्याच वेळी.

यातून जे कळतं ते कुठल्याही किटमधून कळत नाही. ठिपका जागा बदलतो का? कालचे गेले, आज दुसरीकडे नवे आले, तर क्रिप्टोकॅरिऑन. तीन दिवस जागचा हलला नाही तर गाठ, जखम किंवा डाग. दिवसभरात दिसतो आणि नाहीसा होतो तो वाळूचा कण, नाहीतर स्किमरमधून, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्रातून, सुटलेला हवेचा बुडबुडा. मिरजेत एकदा मी बादल्या, टब, औषधं असा सगळा संसार घेऊन गेले होते. बुडबुडे निघाले. चहा पिऊन परत आले.

तीन दिवस थांबायची ही सवलत रव्याला आहे. पिठी किंवा साय असेल तर त्याच दिवशी पाचव्या पायरीवर जा.

२. श्वास मोजा

कल्ला एका मिनिटात किती वेळा उघडतो ते घड्याळ लावून मोजा. मासा धडधाकट असतानाचा आकडा वहीत असेल तर उत्तमच. नसेल तर त्याच टाकीतल्या ठीक दिसणाऱ्या माशाशी तुलना करा. दुपटीच्या आसपास गेला असेल, किंवा एका बाजूचा कल्ला मिटून फक्त दुसराच चालत असेल, तर परजीवी कल्ल्यांत आहेत असं धरून चाला. मासा ठिपक्यांनी मरत नाही, गुदमरून मरतो. अंगावर पाच ठिपके आणि धापा टाकणारा मासा हा पन्नास ठिपके घेऊन जेवणाऱ्या माशापेक्षा जास्त धोक्यात असतो.

३. पाणी, औषधाच्या आधी

धाप अमोनियानेही लागते, खाजही सुटते. म्हणून अमोनियाची टेस्ट आधी. शून्य यायला हवं. शून्य नसेल तर पाणी बदला, आणि उद्या परत मासा बघा. अमोनियाने पोळलेल्या कल्ल्यांवर तांब्याचं औषध म्हणजे भाजलेल्यावर मीठ.

मग खारटपणा. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, ३५च्या (हजारात ३५ भाग मीठ) तयार द्रावणाने जुळवून घ्या, नुसत्या साध्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही. समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२५. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशी गाठतो, चिलर नसलेली टाकी तिशीच्या पुढे जाते, आणि लोक वरून फॅन लावतात. फॅनने पाणी उडतं, मीठ खाली राहतं. मग कुणीतरी कमी झालेली पातळी खाऱ्या पाण्यानेच भरतं. भर आरओच्या गोड्या पाण्याचीच घालायची. गरम पाण्यात प्राणवायूही कमी राहतो, त्यामुळे कल्ल्यांत परजीवी असलेला मासा उन्हाळ्यात लवकर जातो. लाइट गेल्यावर एअर पंप तरी इन्व्हर्टरवर चालायला हवा. २०१९च्या पुरानंतर माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे सेलवर चालणारा एअर पंप आहे. त्याआधी एकाकडेही नव्हता.

काही जण आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन कॅन भरून समुद्राचं पाणी आणतात. हौस म्हणून ठीक. पण पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी पातळ असतं, आणि कोणत्याही ऋतूत त्यात काय काय जिवंत येईल ते सांगता येत नाही. मी पाकिटातलं मीठ आणि आरओ पाणीच वापरते.

४. गेल्या दीड महिन्यात टाकीत ओलं काय आलं?

मासा तर झालाच. पण गोगलगाय, खेकडा, दगड, दुसऱ्याच्या टाकीतली वाळू, उसनं आणलेलं जाळं, यांवरूनही कवचं येतात. “नवीन मासा आणलाच नाही हो,” असं ठासून सांगणाऱ्यांच्या टाकीत मला बहुतेक वेळा नवा दगड सापडला आहे. (कोरल आणण्याच्या विचारात असाल तर आधी कायदा बघा. आपल्या समुद्रातलं दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे.)

हे विचारायचं ते कुणाला बोल लावायला नव्हे. नवीन काही आलं नसेल आणि ठिपके परत आले असतील, तर रोग टाकीतच वस्तीला आहे आणि मागच्या वेळी तो गेलाच नव्हता. अशा वेळी थेट आठव्या मुद्द्याची तयारी ठेवावी लागते.

५. गोड्या पाण्याची डुबकी

आता पहिल्यांदा माशाला हात लागतो. बादलीत क्लोरिन नसलेलं गोडं पाणी घ्या. मी आरओचं घेते. तापमान टाकीइतकंच करा. पीएच टाकीइतका येईपर्यंत चिमूट चिमूट खायचा सोडा घाला, कारण आरओच्या पाण्याचा पीएच खाली असतो आणि माशाला झटका मिठाइतकाच पीएचचाही बसतो. एअर स्टोन सोडा. बादली शक्यतो काळी. मासा आत सोडून पाच मिनिटं समोर बसून राहायचं, फोन घ्यायचा नाही. सुरुवातीला तो धडपडतो किंवा आडवा पडतो. पण उलटा झाला, श्वास थांबत चालला असं वाटलं, तर लगेच काढा.

फ्लूक असतील तर काळ्या तळाशी तिळासारखे पांढरे चपटे दाणे पडलेले दिसतात. निदान झालं, त्यावर प्राझिक्वांटेल. काळे ठिपके करणारे कृमीही असेच सुटतात. वेल्व्हेटच्या माशाला काही तासांचा दम मिळतो. क्रिप्टोकॅरिऑनला मात्र डुबकीने फारसं काही होत नाही, तो कातडीखाली बसलेला असतो. डुबकी मारून मासा पुन्हा त्याच टाकीत सोडलात तर सगळं व्यर्थ.

६. दवाखान्याची टाकी

भांड्यांच्या दुकानातला साठ लिटरचा टब चालतो. हीटर, एअर पंप, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे एल्बो. वाळू नाही, दगड नाही. एक स्पंज कायम मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये पडलेला असू द्या, म्हणजे अडीअडचणीला जिवाणूंसकट तयार मिळतो. टब मुख्य टाकीच्या शेजारी ठेवू नका, वेल्व्हेटची पिल्लं हवेत उडणाऱ्या तुषारांतूनही जातात. जाळं, बादली, हात, सगळं वेगळं.

हा टब कशाला, मुख्य टाकीतच औषध टाकू, असं मलाही वाटलं होतं. पहिल्याच वर्षी मी एका मोठ्या टाकीत तांबं ओतलं. कोळंबी आणि गोगलगाई सकाळपर्यंत मेल्या. तांबं त्यांना विषच. दुसऱ्या दिवशी टेस्ट केली तर तांबं जवळजवळ शून्य, कारण दगड आणि वाळू ते शोषून घेतात. मी आणखी टाकलं. तिसऱ्या दिवशी आणखी. शेवटी माशालाही सोसलं नाही. ते दगड मी परत कधीच वापरले नाहीत.

७. औषध, निदानाप्रमाणे

आधी दुकानातल्या निळ्या बाटलीविषयी. “ताई, ह्ये टाका की, चार दिवसांत साफ हुतंय,” असं सांगणारा दुकानदार खोटं बोलत नसतो. गोड्या पाण्यातल्या माशांचा अनुभव सांगत असतो. तिथला पांढरा ठिपका हा वेगळाच जीव आहे. त्याला मीठ आणि तीस अंशांचं पाणी लागू पडतं. आपल्या टाकीत मीठ आधीच आहे, आणि तीस अंश क्रिप्टोकॅरिऑनला छान मानवतात.

*रवा असेल आणि मासा खात असेल तर* माझी पहिली पसंती टब बदलण्याला. दोन टब घ्यायचे. मासा पहिल्यात ठेवला की ७२ तास पुरे व्हायच्या आत दुसऱ्यात, सोबत जुनं पाणी कमीत कमी. रिकामा झालेला टब, पंप, एल्बो, सगळं धुऊन खडखडीत वाळवायचं. अशा चार बदल्या, बारा दिवस. माशावरून उतरलेला जीव कवच करतो, ते फुटायला निदान तीन दिवस लागतात, आणि तोवर आपण मासा उचललेला असतो. औषध नाही, पण शिस्त लागते. “पाहुणे आले होते म्हणून एक दिवस उशीर झाला” हे इथे चालत नाही, पहिल्यापासून मोजायचं. दोन्ही टबांचं तापमान आणि खारटपणा जुळलेला हवा, आणि अमोनिया रोज बघायचा. वेल्व्हेटवर ही पद्धत कामाची नाही.

*पिठी असेल, किंवा रव्याचे बरेच मासे असतील तर* तांबं. तांब्याची औषधं दोन जातींची येतात. साध्या, सुट्या तांब्याची पातळी लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवतात. बांधून ठेवलेल्या तांब्याची त्याच्या कितीतरी पट, बाटलीवर लिहिलेली असेल तेवढी. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर रोग मरत नाही, नाहीतर मासा मरतो. टेस्ट किटही त्याच जातीचं हवं. किट हातात नसेल तर तांब्याची बाटली उघडू नका. पातळी एकदम न गाठता टप्प्याटप्प्याने चढवायची. वेल्व्हेटमध्ये मात्र रेंगाळायला वेळ नसतो. एकदा पातळी गाठली की ३० दिवस ती खाली येऊ द्यायची नाही. तांबं फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीखालच्याला आणि कवचातल्याला ते पोचत नाही. एक दिवस पातळी पडली तर त्या दिवशी बाहेर आलेले सुटतात. तांबं असताना अमोनिया मारणारं द्रव टाकू नका, दोन्ही मिळून तांबं जास्त विषारी होऊ शकतं. अमोनिया चढला तर पाणी बदला आणि बदललेल्या पाण्यापुरतं तांबं भरा.

खारटपणा १.००९पर्यंत उतरवून क्रिप्टोकॅरिऑन मारायची पद्धतही आहे. मी क्वचित वापरते. रिफ्रॅक्टोमीटर किंचित चुकला की सगळं वाया, आणि वेल्व्हेटला त्याचं काहीच वाटत नाही.

*साय असेल तर* तांबं उपयोगाचं नाही, तिथे फॉर्मलिन लागतं. त्याबद्दल खाली.

८. मोठी टाकी माशांविना ७६ दिवस

इथेच सगळे कच खातात. टाकीतला एकूण एक मासा बाहेर काढायचा, ठिपके नसलेलासुद्धा. एक जरी राहिला तरी रोगाला घर मिळालं. कोळंबी, गोगलगाय, कोरल आत राहू द्या, त्यांना हा रोग होत नाही. पंप, लाइट, स्किमर चालू, आणि अधूनमधून चिमूटभर खाणं टाकायचं म्हणजे फिल्टरमधले जिवाणू उपाशी राहत नाहीत. पाडव्याच्या सुमारास मासे काढले तर मृगाच्या आसपास परत सोडता येतात. महिनाभरात सोडलेल्या टाक्यांत ठिपके परत आलेले मी इतक्यांदा बघितलेत की आता मी काचेवर मार्करने तारीखच लिहून येते. डॉक्टर म्हणतात, पेशंट विचारतात, रिकामी टाकी कशाला ठेवलीय? त्यांना सांगा, पथ्य चालू आहे.

त्यानंतरचा प्रत्येक नवा मासा आधी टबात महिनाभर.

कुठे थांबायचं

फॉर्मलिनपाशी. ते माणसालाही कर्करोग करणारं रसायन आहे, पाण्यातला प्राणवायू खातं, आणि बाटलीत तळाशी पांढरा साका बसला असेल तर माशाला ते जास्तच विषारी. हॉलमध्ये, लहान मुलांच्या घरात ते मी स्वतःही करत नाही; माहीतगार माणसाच्या हातून, मोकळ्या हवेत करवून घेते.

तांबं पूर्ण पातळीवर असूनही आठवड्याने धाप वाढतेच आहे, अंगावर लाल चरे किंवा जखमा उघडल्या आहेत, किंवा दोन दिवसांत दोन मासे गेले आहेत, अशा वेळी तिसरं औषध आणू नका. आता अंदाज पुरे, सूक्ष्मदर्शक हवा. कातडीवरचा चिकट थर खरवडून काचपट्टीवर बघितला की कुणाचं काम आहे ते दिसतं. माशांचे रोग जाणणारा पशुवैद्य शोधा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. या विषयाची माणसं तिथे असतात. आधी फोन करून विचारा, मग निघा.

मेलेला मासा दाखवायचा असेल तर फ्रीजरमध्ये टाकू नका, गोठला की तपासण्यासारखं फारसं काही उरत नाही. ओल्या पिशवीत घालून पिशवी बर्फात ठेवा आणि शक्य तितक्या लवकर पोचवा. मासा मेला की परजीवी त्याला सोडून जायला लागतात.

आणि टाकीत हात घालणाऱ्याच्या बोटावर किंवा मनगटावर न भरणारी गाठ आली असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना घरी माशांची टाकी आहे हे आपणहून सांगा. या पाण्यातला एक जिवाणू तशी गाठ करतो, आणि डॉक्टरांना टाकीचं माहीत नसेल तर तो सापडायला महिने जातात.